सर्व्हिसला नेलेली गाडी

“टायर तर नवेच दिसतायत,” साहिल म्हणाला.

“नुसते दिसतायत.” टायरच्या बाजूवर छापलेली बनावटीची तारीख मी त्याला दाखवली. “उभ्या गाडीचं रबरही कडक होतं. स्पितीला जायच्या आधी दोन्ही बदल.”

आम्ही गुरुग्राममधल्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये होतो. सेकंडहँड मोठी बाइक घेणाऱ्याला ती आधी तपासून देणं, हा माझा धंदा. ही ॲडव्हेंचर टूरर होती, म्हणजे लांबच्या, खराब रस्त्यांसाठी बनवलेली उंच, जड गाडी. लोक फक्त किंमत विचारतात. मी पुढचा खर्च सांगतो: इन्शुरन्स, टायर, चेन, सर्व्हिस. पार्ट यायला कधीकधी महिना जातो, तेही सांगतो. साहिलला गाडीवर बसवून पाय टेकतात का ते बघितलं. आडवी पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे.

गाडी विकणाऱ्या जोशीकाकू आमच्यासोबत खाली आल्या होत्या; कागदोपत्री ती त्यांच्याच नावावर होती. चालवायचे काका. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती.

सौदा ठरला. लिफ्टपाशी काकू थांबल्या. “एक रिक्वेस्ट आहे. विकतोय हे त्यांना सांगितलेलं नाही. सर्व्हिसला नेतोय म्हणाल?”

“काकू, कधीतरी कळेलच ना.”

“आज नको.”

मी मान डोलावली. मला गाडी तपासायला बोलावलं होतं, घर नाही.

काका खिडकीशी व्हीलचेअरवर होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. शब्द अडखळत येत.

“सर्व्हिस?”

“हो, काका.”

“चेन... फार ताणू नका.”

“नाही ताणत.”

“थंडीत... लगेच रेस नको. जरा थांबायचं.”

हे ते साहिलकडे बघून बोलले. मेकॅनिकला असलं कोणी शिकवत नाही. साहिलने नुसतं “हो अंकल” म्हटलं.

चहा झाला. आम्ही उठलो, तेव्हा काकांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढायला सुरुवात केली. वेळ लागला. काकू मदतीला पुढे आल्या, तर काकांनी मानेनेच नको म्हटलं. खिशातून निघाली गाडीची दुसरी चावी. काकू ती दोन दिवस घरभर शोधत होत्या.

काकांनी ती माझ्याकडे दिली नाही. साहिलच्या तळहातावर ठेवली.

“ही पण.”

सर्व्हिसला एक चावी पुरते. दुसरी घरातच राहते. ती द्यायची असते नव्या मालकाला.

“सावकाश जा,” काका म्हणाले आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. काकू तिथेच कपबश्या धरून उभ्या राहिल्या. आम्हाला सोडायला दारापर्यंत आल्या नाहीत.

लिफ्टमध्ये साहिल म्हणाला, “सर, त्यांना माहीत होतं.”

“हो.”

गाडी साहिलने घरी, मयूर विहारला नेली. चांगली चालतेय.

तेव्हापासून मी चालवणाऱ्याला भेटल्याशिवाय गाडी पास करत नाही. घरचे त्याला काय सांगतात ते वेगळं. गाडीचं काय होणार, ते सहसा त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं.