दोन सारखे काटे
शहापूरच्या जुन्या यंत्रसामानाच्या व्यापाऱ्याने मला फसवले. तूस जळल्याचा वास आला की ते आठवते. लढाईमुळे नवा माल मिळत नव्हता, आणि मुरबाडच्या माझ्या भातगिरणीच्या बॉयलरला वाफेचा दाब दाखवणारे घड्याळ हवे होते. पारखल्याशिवाय मी सुईही घेत नसे; दुसऱ्या घड्याळाशी जोडून दाखव, म्हणालो. त्याने मला विकायचे घड्याळ आणि दुकानातले दुसरे एकाच हातपंपाला जोडले. दोन्ही काटे बैलजोडीसारखे बरोबर चढले. मी भाव पाडला आणि खुशीत परतलो. सुगीत गिरणी जोरात चालू असताना वाफेच्या नळीचा सांधा फुटला आणि भट्टीत तूस टाकणाऱ्या आगवाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. "शेट, काटा तर तांबड्या रेघेच्या खालीच व्हता," तो कण्हत म्हणाला. बॉयलर तपासायला आलेल्या सरकारी तपासनीस साहेबांनी आपले घड्याळ लावले, तेव्हा आमचा काटा बराच मागे निघाला. साहेबांचे घड्याळ मागून घेऊन मी शहापूर गाठले. दुकानातला जोडीदार काटाही तेवढाच मागे होता. माझ्या काट्याशी जुळावा म्हणून उपटून मुद्दाम तसा बसवलेला. मी व्यापाऱ्याची मानगूट धरली, तर म्हणतो, "शेट, जोडून दाखव तुमीच बोललात ना? मंग, सारखे नाय चालले?" आज गिरणी विजेवर चालते आणि आगवाला डाव्या हाताने जेवतो. व्यापाऱ्याने जाब मला देऊ नये. त्याने आगवाल्याच्या ताटासमोर बसून द्यावा.