डब्यातली बाटली

चाकणच्या कंपनीत मी पेंट इन्स्पेक्शनला आहे. पांढऱ्या ट्यूबांच्या बोगद्यात गाडी येते आणि दरवाजा बॉनेटपेक्षा केसभर जरी पिवळा असला तरी मी ती बाजूला काढतो. माझी नजर इतकी तयार, की नवरीच्या अंगावरची हळद कुठल्या दुकानातली ते मी मांडवाबाहेरून सांगतो. हे खोटं आहे. मी खोटं बोलतो हे काळेवाडीपासून चाकणपर्यंत सगळ्या कंपनी बसला माहीत आहे आणि त्यासाठीच मागच्या बाकावरची मधली जागा माझ्यासाठी राखलेली असते. चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बस एकदा इतकी अडकली, की गुळगुळीत दाढी करून चढलेल्या माणसाला उतरताना वॉचमननं ओळखलं नाही, असं मी सांगतो. बस हसते.

शेजारी बसायचा तो वेल्डिंगचा माझा सोबती. बारा वर्षं. माझ्या गोष्टीला तो हसायचा नाही, फक्त "पुढं?" म्हणायचा. त्याच्या घरात वडिलांपासून पंचशील. दारू तर लांबच, हा माणूस खोकल्याच्या औषधाचं झाकण काढतानाही आधी खिडकी उघडायचा.

मागच्या वर्षी त्याची भूक गेली. कॅन्टीनमध्ये भात चिवडत बसायचा आणि गॅस झालाय म्हणायचा. आमच्या भागात पोटाला एकच आजार होतो, गॅस, आणि त्यावर औषधही एकच, पाण्यात फसफसणारी पुडी. पुडी तो रोज घ्यायचा, वर कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या. मग अंगाला खाज सुटली, ती धुरामुळं. संध्याकाळी सेफ्टी शूज पायातून निघेनात, घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. ते उभ्या ड्यूटीमुळं. प्रत्येक गोष्टीला कंपनीतलंच कारण मिळत गेलं. हात बारीक झाले आणि पोट पुढं आलं, त्याला आम्ही सुख म्हणालो.

एका सकाळी तो बसमध्ये चढला, खिडकीतून ऊन आलं आणि मला त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसला. तो पांढरा नव्हता. आमच्या ट्यूबखाली असता तर मी खुणेची चिठ्ठी लावली असती. सगळ्या बसमध्ये हे आधी मला कळलं. आणि मी काय केलं, तर उभा राहून गोष्ट सांगितली. म्हणालो, राव, आपला हा साधू डब्याच्या तळच्या खणात बाटली रिकामी करून आणतो. वहिनी डबा धुतात तेव्हा मोरीतलं झुरळ झुलत झुलत घरी जातं. बसभर हसू फुटलं. तोही हसला, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी तो काळा गॉगल लावून आला. वेल्डिंगनं डोळे चुरचुरतात, म्हणाला. लोक विचारायला लागले, आज किती भरलीय. पहिले काही दिवस तो डबा उघडून दाखवायचा. मग दाखवायचं सोडलं. गॉगल दोन महिने होता आणि ते दोन महिने मी डब्याला खण वाढवत होतो.

एका रविवारी दुपारी त्याला रक्ताची उलटी झाली. मी पिंपरीतल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोला विचारत होते, दारू किती, कधीपासून. त्या माझ्याकडे बघत होत्या. बसमधली गोष्ट गल्लीतून त्यांच्यापर्यंत गेली होती.

"खरं सांगा भाऊ. घ्यायचे का?"

"नाही वहिनी. ते मी बनवलं होतं."

त्यांनी मान हलवली. मित्राला झाकायचं म्हणून लोक असंच बोलतात, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आले. बी प्रकारची कावीळ, रक्तातली, बहुधा लहानपणापासूनची आणि कधीच न कळलेली. लिव्हर आतल्या आत वाळून कडक झालं होतं. दारूचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी वहिनींना समोर बसवून सांगितलं. वेळेवर आले असते तर रोजच्या गोळीनं आवरता आली असती, हेही सांगितलं. वहिनींची आणि मुलींची तपासणी झाली. त्यांना काही नव्हतं. तिघींना लस टोचली.

त्याला मी विचारलं, डोळे आरशात दिसत नव्हते का. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"दिसत होते. पण लिव्हरच्या डॉक्टरकडं गेलो असतो, तर तुझी गोष्ट खरी झाली असती ना भावा."

नऊ दिवसांनी तो गेला.

सोमवारी मी बसमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, त्यानं आयुष्यात कधी घेतली नाही, ती कावीळ होती, डब्याचं मी बनवलं होतं. बस वाट बघत राहिली. मग पुढच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग डब्यात काय असायचं?"

"मेथी," मी म्हणालो.

दोघं-तिघं हसले, हळूच, मयताचा मान ठेवून. मी बसलो. शेजारी कुणीतरी बॅग ठेवली होती.

त्या पाळीत मी दोन गाड्या दरवाजा पिवळा म्हणून बाजूला काढल्या. तिथं माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.