तक्त्यावरची सावली

सावलीमास्तरांचं खरं नाव बँकेला आणि बायकोला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना सावलीमास्तरच म्हणत. फलक, पाट्या, पत्रिका छापायचं त्यांचं दुकान होतं, आणि सावली दिल्याशिवाय अक्षर दुकानाबाहेर सोडायचं नाही हा त्यांचा बाणा होता. सावली म्हणजे मागे, उजवीकडे किंचित खाली, तेच अक्षर करड्या रंगात. त्यामुळे अक्षर कागदावरून उठून दिसतं. मास्तरांच्या हातचा शोकसभेचा फलक पाहिला, की गेलेला माणूसही आता उठून बसेल असं वाटायचं.

पण एकेका अक्षराची प्रत काढा, सरकवा, करडी करा, कडा मऊ करा, मागे ढकला, यात मास्तरांच्या नाकी नऊ यायचे. मान आखडली तेव्हा त्यांनी इरेला पेटून एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच समजावून दिलेलं काम. पुढे तो ते न विचारता करत राहतो. मास्तर त्याला कौतुकाने ‘गडी’ म्हणत. फाईल छपाईला निघाली, की गडी तिच्यातलं अक्षर न् अक्षर चाचपायचा आणि ज्याला सावली नाही त्याला देऊन टाकायचा. गड्याला थांबवायचं बटण मात्र मास्तरांनी ठेवलंच नव्हतं. एखाद्याला सावली नको असेल तर काय, असं बायकोने विचारलंही होतं. असलं अक्षर अजून आपल्या पाहण्यात नाही, असं सांगून मास्तर जेवायला बसले.

ते जेवत होते तेव्हाच कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं काम छापून निघालं. डोळे तपासायचा तक्ता होता तो. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. गड्याने सगळ्यांना सावली दिली. चष्मेवाल्याने गुंडाळी नेली आणि खोलीच्या टोकाला टांगली.

त्यानंतर सगळ्या गल्लीचे डोळे बिघडले. न्हाव्याला चष्मा लागला, शिंप्याला लागला, शाळेच्या बाईंना तर दोन लागले. चष्मेवाला जाड काच लावायचा. तिने सावली पुसट व्हायची आणि अक्षरही. दोन्ही सारखीच पुसट झाली, की तो समाधानाने म्हणायचा, आता बरोबर. पुढे त्याने स्वतःचेही डोळे तपासले आणि स्वतःलाच चष्मा विकला. धंदा इतका वाढला, की त्याने मास्तरांना नवी मोठी पाटीही सांगितली. मास्तर खूश होते.

मग वार्षिक तपासणीसाठी मास्तरांचे सासरे चष्मेवाल्याकडे गेले. ते शहराच्या बसचे ड्रायव्हर होते आणि त्या बसवर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव होता. माणूस सरळ. दिसलं ते त्यांनी सांगून टाकलं, की प्रत्येक अक्षरामागे उजव्या हाताला आणखी एक अक्षर लपून उभं आहे. चष्मेवाल्याने विचारलं, कधीपासून? सासरे म्हणाले, आत आल्यापासून. त्याने ‘दुहेरी दिसतं’ असं लिहून दिलं, आणि डेपोने बस दुसऱ्याच्या हाती दिली. फेरतपासणीत पास झाले तर ठीक, नाहीतर कायमचं घरी.

सासरे लेकीकडे येऊन बसले. बसच्या वेळेला खिडकीपाशी जायचे आणि नव्या ड्रायव्हरने गिअर टाकला, की स्वतःच कळवळायचे. मास्तरांना ते बघवेना. फेरतपासणीला ते स्वतःच त्यांना घेऊन गेले.

आत तक्ता पाहून मास्तरांची छाती आधी अभिमानाने फुगली. काय देखणी सावली पडली होती! तेवढ्यात शेजारी सासरे हळूच म्हणाले, “जावईबापू, ते मागचं अक्षर अजून तिथंच आहे हो.”

ते मागचं अक्षर म्हणजे आपल्याच गड्याची सावली, हे मास्तरांना आत्ता कळलं. गप्प बसणं सोपं होतं. पण म्हाताऱ्याने रुमालाने डोळे पुसून पुसून लाल केले होते. मास्तरांनी चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. त्याने आपला चष्मा काढला, तक्ता पाहिला, पुन्हा चष्मा घातला आणि विचारलं, की आता विकलेल्या चष्म्यांचं काय करायचं. नवा तक्ता आणा, मग तपासू, एवढंच ठरलं.

दुकानात मास्तरांनी तक्ता परत छापला. गड्याने इमानेइतबारे सावली दिली. अक्षरं बारीक केली, तिरकी केली, उलटी केली, तरी गडी हात धुऊन मागे लागलेला. शेवटी गड्यालाच पुसून टाकणं हा एकच उपाय उरला. कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं तेव्हा मास्तरांचा हात अडला. खिडकीबाहेरून बस गेली. त्यांनी बटण दाबलं, आणि आपण रडतोय हे त्यांना बायकोने सांगितल्यावर कळलं.

नवा तक्ता उघडाबोडका दिसत होता. सासऱ्यांनी खुर्चीवर बसून पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, शेवटचीही वाचली. चष्मेवाला पास म्हणाला तरी ते थांबेनात. तक्त्याच्या पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं. तेही त्यांनी खणखणीत वाचलं. मग ते जरा पुढे झुकले.

“जावईबापू, तुमच्या नावालाही सावली नाही दिलीत?”

“नाही बाबा,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला वाचता यावं म्हणून.”