मामांचं विलायती गाऱ्हाणं

देवाशी कडाकडा भांडून त्याच्याच दारचा प्रसाद खात घरी येणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा कुणी असेल, तर तो जामसंड्याच्या आसपास तरी जन्मला नाही. गाऱ्हाणं घालण्याचा मान मामांच्या घराण्याकडे होता. म्हणजे देवळात सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, गावाच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं, आणि दर मागण्याला मागच्या मंडळींनी 'व्हय म्हाराजा' असा पुकारा करायचा. हा मान असलेले इतर लोक गाऱ्हाणं देवळात घालतात आणि घरी येऊन चारचौघांसारखे बोलतात. मामांना ते जमलं नाही. कुणाकडे काही साधेपणाने मागणं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी कप दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, "बा साखरेच्या डब्या म्हाराजा, आजपर्यंत जशी ह्या घराची राखण केलंस..." अशी सुरुवात होई. एकदा एका म्हातारीसाठी एसटी जरा थांबव, एवढंच ड्रायव्हरला सांगायला गेले आणि सवयीने गाऱ्हाण्यात शिरले. ड्रायव्हर मालवणचा. तो स्टिअरिंग सोडून हात जोडून बसला, गाडीतले उतारू एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणू लागले, आणि ज्या म्हातारीसाठी हे सारं चाललं होतं ती तोवर कंटाळून पायीच देवगडच्या वाटेला लागली होती.

देवाची भीडभाड म्हणाल तर मुळीच नाही. एका साली आंब्याचा मोहोर गळाला, तेव्हा मामा तडक देवळात गेले आणि "गेल्या साली दिलेलो नारळ परत दी" म्हणून गाभाऱ्याच्या दारात बसून राहिले. गुरवाने बिचाऱ्याने स्वतःच्या घरातला नारळ आणून दिला, तेव्हा कुठे उठले. घरी येऊन त्याच नारळाची सोलकढी केली आणि तिचा पहिला पेला देवाला दाखवला. राग असला तरी शेजारधर्म सुटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

या माणसाला जगात स्वतःचं असं एकच माणूस होतं, ती त्यांची मुलगी, बाय. मामी बायच्या लहानपणीच गेली. मामांनीच तिच्या वेण्या घातल्या, आणि त्या इतक्या घट्ट घातल्या की शाळेत बाय सदा चकित झाल्यासारखी दिसे. मोठी होऊन ती मुंबईच्या एका इस्पितळात राहून नर्स झाली, परत येऊन देवगडच्या दवाखान्यात लागली. बाय बापाच्या अगदी उलट, मोजकं बोलणारी. तापाने फणफणलेला माणूससुद्धा तिने नुसतं पाहिलं तर उठून बसायचा. मुंबईची तिची एक मैत्रीण विलायतेत नर्स म्हणून गेली आणि बायच्याही मनाने तेच घेतलं. तेव्हा स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. मामांना पहिला धक्का बसला तो वेगळाच. "विलायतेत माणसां आजारी पडतत? मगे आमच्यार इतकी वर्सां राज्य कसा केल्यानी?"

परदेशात नर्स म्हणून काम करायचं तर नुसतं बोटीत चढून भागत नाही, हे आम्हाला बायमुळे कळलं. आधी तिथल्या नर्सेसच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा. मग जिथे शिक्षण झालं त्या इस्पितळाच्या मेट्रनने ही कुठल्या वॉर्डात किती दिवस काय शिकली ते परस्पर तिकडे कळवायचं; आपण स्वतः पाठवलेला कागद चालत नाही. ते पटलं तर तिकडच्या इस्पितळात काही महिने वरिष्ठांच्या नजरेखाली काम करायचं, आणि त्यानंतर तिथल्या नोंदणीत नाव चढायचं. पासपोर्ट, जामीन, देवीची लस हे आणखी वेगळंच. कौन्सिलच्या उत्तरात बायची गणना 'परदेशात शिकलेल्या' नर्सेसमध्ये केली होती. ते वाचून मामा भडकले. "परदेशी ते! माजा चेडू मुंबैत शिकला! मुंबै परदेश कधी झाली गो?"

"तेंच्या लेखी झाली," बाय म्हणाली, "तुम्ही जेवा."

तिकडच्या एका इस्पितळाने बायसाठी जागा राखून ठेवली होती, पण पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच. आणि मेट्रनचा कागद काही जाईना. बायने पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी मामा छत्री घेऊन देवगडला आगबोटीत बसले आणि मुंबईत माझ्या खोलीवर हजर झाले. मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो. मला रजा टाकायला लावून ते इस्पितळात घेऊन गेले. मी वाटेत शंभरदा बजावलं की मामा, तिथे सरळ बोला, शुद्ध बोला. मामा मान डोलावत होते.

मेट्रनबाई करारी. मान वर न करताच त्यांनी काय काम आहे ते विचारलं. मामांनी छत्री भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि डोळे मिटले.

"बा मेट्रनबाये म्हाराजा!" खोली दणाणली. "ह्या गरिबाचा चेडू तुज्या पायाशी शिकला. तेचो कागद विलायतेक जावंक व्हयो. तो तुज्या टेबलार खंय फायलीखाली, खंय कपाटामागे अडाकलो असात, तर तो सोडव म्हाराजा!"

आता मुंबईच्या इस्पितळातले वॉर्डबॉय म्हणजे निम्मं मालवण. बाहेरच्या व्हरांड्यात बादल्या, ट्रे, स्ट्रेचर घेऊन जी मंडळी चालली होती ती जागच्या जागी थांबली, आणि तिकडून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मला वाटतं, स्ट्रेचरवरचाही कुणी त्यात होता.

मेट्रनबाई ताडकन उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

"अर्ज करताहेत, बाई," मी म्हटलं.

"आणि बाहेरचे ते कोण?"

"ते अनुमोदक."

मामांचं पुढचं मागणं सुरू होण्याआधी बाईंनी स्वतः कपाट उघडलं. कागद सापडला आणि आमच्यादेखत टपालात गेला.

सगळं जुळलं. उरला तो देवाचा कौल. त्यासाठी मीही रजा काढून गावी आलो होतो. बायने स्वच्छ सांगितलं होतं, "देवान नको म्हटल्यान तर मी जावचंय नाय." आमच्याकडे देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. त्या दिवशी मामा गाऱ्हाण्याला उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात पुटपुटले. कुणाला काही ऐकू आलं नाही. डावी पडली. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या, मामा पुन्हा पुटपुटले, पुन्हा डावी. बायने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि निघायला वळली. मामांनी फक्त गप्प राहायचं होतं. लेक आपसूक घरात राहिली असती.

"थांब गो," मामा म्हणाले. "देवान तुका नाय म्हणूक नाय. मी माजाच इचारलंय. तू गेल्यार माका एकट्याक जमतला काय म्हणान. नाय म्हणता तो. ता खरा आसा." त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि देवाकडे वळून नेहमीसारखे गरजले, "आता चेडवाचा इचारतंय! नीट आयक! थंय तेचा बरा होतला असात तर..." वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी गळून पडली. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मी तेवढा म्हणायचा राहिलो, मी मामांकडेच बघत होतो.

बाय गेली. तिथे तिचं नाव नोंदलं गेलं, पुढे तिच्या हाताखाली वॉर्ड आला. रजेवर येते येते म्हणून कळवायची, आणि मग तिकडे थंडी वाढायची, रोगी वाढायचे, रजा राहायची. मामांचं गाऱ्हाणं मात्र त्या सालापासून लांबलं. जत्रेला मुंबईत चाकरीला गेलेल्यांची राखण मागून झाली, दर्यात होड्या घालणाऱ्यांची मागून झाली, की ते क्षणभर थांबायचे आणि मग म्हणायचे, "आणि म्हाराजा, विलायतेत जे कोण गोरे खाटेर पडले आसत, तेंका बरे कर. एकूण एक बरे कर. ता इस्पितळ रिकामा होवंदे, आणि माज्या चेडवाक सुटी गावंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव ओरडायचा. मीही जत्रेला असलो की सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो. आमचा देव तसा जागृत आहे. पण विलायत त्याच्या हद्दीत येत नसावी. तिथली माणसं आजारी पडायची काही थांबली नाहीत.