पेत्राची दाढी
गुड फ्रायडेच्या नाटकात ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणण्याचं सोपं काम माझ्याकडे होतं, आणि तेवढंही मी बिघडवलं. अजूनही डिंकाचा वास आला की हनुवटी खाजते, कारण मला येशूच्या शिष्याची, पेत्राची, दाढी डिंकानंच चिकटवली होती. मालेगावजवळच्या आमच्या छोट्या चर्चच्या अंगणात कडब्याची शेकोटी पेटली होती. दासी झालेल्या माझ्या बायकोनं विचारलं, “तू बी त्याच्या संगं व्हता ना?” तेवढ्यात येशू झालेल्या आमच्या टेलरनं, दोरानं बांधलेला असताना, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तालमीत त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. गोष्ट लहानपणापासून पाठ होती, पण ती नजर माझ्यावर पहिल्यांदाच आली. “हो, वळखतो त्याले!” मी ओरडलो. बायकोनं दातओठ खात आणखी दोनदा विचारलं. मी हटलो नाही. तिसऱ्या नकारानंतर आरवायचं म्हणून वाट पाहून थकलेला, पडद्यामागे कोंबडा झालेला पोरगा शेवटी तसाच आरवला आणि लोक पोट धरून हसले. आता दर रविवारी बायकोच्या आधी मीच उठतो, कारण त्या दिवशी घरी दाढी ओरबाडत “आता त्याले कधीच नाकारनार नाही” असं मी ठासून म्हटलं, तेव्हा ती म्हणाली होती, “मंग मी रविवारी चर्चले उठवतो तवा तोंडावर गोधडी काहून घेता?”