धुऱ्यापलीकडचा जनरल

काहीही ठरवायचं असलं की तो खाली वाकायचा, चिमूटभर माती उचलायचा आणि खांद्याच्या उंचीवरून सोडायचा. ती कुठे वाहते ते पाहून म्हणायचा, "पह्यले हवा पाय, मंग बोल." असं करणारे शेतकरी तुम्हीही पाहिले असतील. पण ही सवय घेऊन हवाई दलात पार वरपर्यंत गेलेला माणूस मी हा एकच पाहिला. त्याच्या हुद्द्याला तिकडे वेगळं नाव होतं म्हणे, पण आमच्या शेलूबाजारला फक्त जनरल कळतो, म्हणून तो जनरल.

त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, मधे मातीचा धुरा, म्हणजे बांध. तो धुरा कुणी कुणाकडे सरकवला यावरून आमचे बाबा आणि त्याचे वडील वाशीमच्या कोर्टात भांडत होते. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी. म्हणून आम्ही शाळेच्या वाटेवर बोलून घ्यायचो आणि वावरात नुसते एकमेकांकडे पाहायचो.

खळ्यावर ज्वारी उफणायला त्यालाच तिव्यावर चढवत. तीन पायांच्या त्या उंच घडवंचीवर तो टोपलं धरून उभा राही आणि वारा मनासारखा झाल्याशिवाय दाणा सोडत नसे. खालून बाप ओरडे, "अबे, दिवस बुडून राह्यला." हा वरून म्हणे, "हवा येऊ द्या, बा." त्याने उफणलेल्या ज्वारीचं भूस आमच्या खळ्यावर कधी आलं नाही. एवढं आमचे बाबाही कबूल करीत, तोंड वाकडं करून का होईना.

पुढे तो अमरावतीला शिकला, महायुद्ध पेटलं आणि तो विमान चालवतो अशी बातमी आली. बाबा म्हणाले, "पोरगं तिव्यावरून उतरलंच नाई मनजे."

त्याच युद्धाच्या काळात एका फाल्गुनात, ज्वारी काढून वावरं मोकळी झालेली असताना, त्याचं विमान त्याच्याच बापाच्या वावरात उतरलं. सरावाला निघाला होता. वरून घरचं खळं दिसलं आणि याला राहवलं नाही. वाट सोडून घिरट्या घातल्या, परतताना वारा तोंडावर आला आणि पेट्रोल संपत आलं. "जलमात एकडाव हवा पाह्यची राह्यली," असं तो मला पुढे म्हणाला. विमान धसकटांतून उड्या मारत आमच्या धुऱ्याशी येऊन थांबलं. अख्खं गाव लोटलं. बायांनी पंख्याला कुंकू लावलं. गुरं पंख चाटायला लागली तेव्हा त्याच्या वडिलांनी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

अकोल्याहून पेट्रोल घेऊन गोरा साहेब आला. साहेबाने त्याला एवढंच सांगितलं, विमान धडपणे परत नेलंस तर पाहू, नाहीतर तुझं उडणं संपलं. आता उडायचं तर वाऱ्याच्या तोंडावर धावायला हवं, आणि वारा आमच्या बाजूने येत होता. त्यांचं वावर धावायला पुरत नव्हतं. मधला धुरा मोडून आमच्या वावरातून जावं लागणार होतं.

बाबांनी ऐकलं आणि ओट्यावर मांडी ठोकून बसले. "कोर्टात हरून राह्यला, म्हून धुरा मोडायले सरकारी इमान आनलं त्यानं," ते म्हणाले. खोटं वाटेल तुम्हाला, पण ते थट्टा करत नव्हते. तो धुरा म्हणजेच त्यांचा पुरावा होता. तो गेला की दाव्यात काही उरत नव्हतं.

मग तो स्वतः आला. आमच्या अंगणातली माती उचलून त्याने बाबांसमोर सोडली. "काका, हवा तुमच्याकून येऊन राह्यली. तिले मी कसं सांगू, आमच्याकून ये मनून?"

बाबांनी पडलेली माती पाहिली. मग विचारलं, "अन् नाई उडालं तं?"

"माह्यं उडनं बंद."

"मंग काय करशीन?"

"येतो ना इथंच. बाच्या जागी धुऱ्यावर भांडत बसीन तुमच्यासंग."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातली टिकास उचलून ते वावराकडे चालू लागले. धुऱ्यावर पहिला घाव त्यांनीच घातला. दुसरा त्याच्या वडिलांनी. गावाने धसकटं उपटली, आणि विमान आमच्या वावराच्या टोकाला जमीन सोडून वर गेलं. मी तेव्हा रडलो, यात लाजण्यासारखं काही नाही.

धुरा मग दोघा म्हाताऱ्यांनी मिळून घातला. कुठे होता ते दोघांनाही नक्की आठवेना, त्यामुळे टोपल्यागणिक भांडण झालं. पण ते वावरातच झालं, वाशीमला गेलं नाही.

तो ब्रह्मदेशावर उडाला, देश स्वतंत्र झाल्यावर चढतच गेला. एकदा दिल्लीला त्याच्या कचेरीत गेलो होतो. सही करण्याआधी तो अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होता. समोरचे अधिकारी समजले, साहेब विचारात आहेत. साहेब माती सोडत होते, हे मला ठाऊक.

दोन्ही म्हातारे गेल्यावर आमचं वावर माझ्याकडे आलं. एका पेरणीला मी मुद्दाम धुरा फोडून नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, त्याच्या वावरात घातलं. रजेवर आला तेव्हा त्याने लांबूनच ओळखलं. "सरकला तू."

"मंग भांड ना."

"आता नाई. पेन्शनीत निघालो का येतो. मंग रोज भांडू."

तेव्हापासून दर हंगामात मी त्याच्या जमिनीतलं ते तास माझ्याच नांगराखाली ठेवलं, त्याच्या हक्काचं भांडण म्हणून. पेन्शनीला थोडेच दिवस उरले असताना तो दिल्लीला झोपेतच गेला.

त्या साली नांगरणीला मी धुऱ्याशी उभा राहिलो. जावई म्हणाला, "मामाजी, कायले थांबले?" मी बैल अलीकडे वळवले आणि त्याचं तास त्याला सोडून दिलं.