धरली म्हणा

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. माणूस दणकट, पण पायाशी जेवणाचा डबा ठेवला तो आवाज न होऊ देता, आणि मग एकेक बोट सोडलं. लष्कराच्या कोठारात तोफगोळ्यांच्या जड पेट्यांची थप्पी लावतो, सुट्टीवर गावी चाललोय, म्हणाला.

बोलताना नजर वरच. आमच्या डोक्यावरच्या रॅकवर कुणीतरी कांद्याच्या पोत्यावर पत्र्याची ट्रंक ठेवली होती.

“ताई, तिरकी बसलीय ती.”

“नाही हो पडत.”

“माझा जोडीदार बी असंच म्हनला हुता. थप्पीखाली गावला.”

तो उठला आणि ट्रंकेला दोन्ही तळहात लावून उभा राहिला. लोक हसले. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

लासुर्णे आलं, त्याचं गाव. “आता तुमी धरा. धरली म्हना, मंगच सोडतो.”

“धरली,” मी म्हणाले तेव्हाच त्याने हात काढले आणि तो उतरला.

इंदापुरात मागून ट्रंकेची मालकीण आली. “सोडा की ताई, रिकामी हाय ती.”

माझे हात काही सुटेनात.

“आधी धरली म्हणा,” मी म्हणाले.